सातव्या घराचं पान

१

सातव्या घराचं पान गेलं होतं. फाडणाऱ्याने घाई केलेली नव्हती. पट्टी लावून, शिवणीला धक्का न देता, एका रेषेत पान काढलं होतं. सहाव्या घराच्या पानानंतर एकदम मागचा पुठ्ठा.

रजिस्टर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेचं. जुन्या गल्लीतल्या सात घरांच्या नळाचं पाणी वर्षातून दोनदा आणायचं, त्यात शिसं किती ते काढायचं आणि लिहून ठेवायचं. एका घराला एक पान. सहा वर्षं हे चाललं होतं आणि सहा वर्षं सातही पानांवर एकच शेरा होता : एकच्या खाली, म्हणजे लिटरला एक मायक्रोग्रॅमही नाही. मर्यादा दहाची.

मग सोमवारी सातव्या घरातली शिवणवाली एका बाटलीत आपल्या नळाचं पाणी घेऊन स्वतःच आली. तिची चार वर्षांची मुलगी आठवडाभर दवाखान्यात होती. पोरीला सगळी गल्ली चिमणी म्हणायची. तिच्या रक्तात शिसं निघालं होतं. शिवणवाली खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "हे तपासा. तपासल्याशिवाय मी हलणार नाही." दुपारी आकडा आला. चौऱ्याण्णव.

मंगळवारी सकाळी पान नव्हतं. बाटलीही नव्हती.

"म्हणून तुम्हाला बोलावलं, बाई," पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले. बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुख. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या सहीला अजून दगडावरच्या रेघेचा मान होता. "तुम्ही चौकशी केलीत म्हणजे कुणी तोंड उघडणार नाही."

"मला तर लोकांनी तोंड उघडायला हवंय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी हसण्यावारी नेलं. "शुक्रवारी मुलीला दवाखान्यातून सोडतायत. घरी पाठवायची की बालगृहात, ते आपल्या पत्रावर अवलंबून आहे. शिसं पाण्यात असेल तर आईचा दोष नाही. पाण्यात नसेल, तर ते त्या घरातच आहे. आणि घरात काय सापडलं बघा."

त्यांनी टेबलावर एक डबी उपडी केली. वाटाण्याएवढ्या करड्या गोळ्या घरंगळल्या.

"पडदे नीट पडावेत म्हणून त्यांच्या काठात घालतात ती वजनं. शुद्ध शिसं. आजच मी परत नमुना मागवला, आपल्या माणसाकडून. एकच्या खाली! मग तिच्या बाटलीत चौऱ्याण्णव आलं कुठून? यातलंच एक टाकून आणली असणार."

"आणि रात्रीतून येऊन पानही तिनेच फाडलं? पट्टी लावून?"

साहेब गोळ्या वेचून डबीत भरू लागले.

२

शिवणवालीचं घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. खिडकीशी मशीन, मशीनवर अर्धवट पडदा. बुधवारी सकाळी बाई गेल्या तेव्हा तिने त्यांना खुर्ची दिली, स्वतः कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

"विचारा काय विचारायचं ते. दवाखान्यातल्यांनी विचारून झालंय, बालगृहाच्या ताईंनी विचारून झालंय. पोरीला भिंतीचा रंग खाऊ घालतेस का, असंही विचारून झालंय."

"गोळ्यांची डबी कुठे असायची?"

"त्या वर. फळीवर. मीच स्टूल घेऊन चढते, ती काय पोचणार? आणि पोचली तरी तिचा जीव बटणांत. रंगारंगाची लावत बसायची. लाल इथे, निळी तिथे. गेल्या वर्षी वीसपर्यंत मोजायची." ती थांबली. "आता डब्यात हात घालते आणि तशीच बसते. हात बाहेर काढायचा असतो, हेच आठवत नाही तिला."

बत्तीस वर्षं आकड्यांत काढलेल्या माणसाला आकड्याच्या पलीकडचं लेकरू असं समोर बसत नाही. त्यांनी वहीत डोकं घातलं.

"सोमवारी बाटली कशी भरलीस? एकेक सांग. उगाच वाटेल तुला, पण सांग."

"उठले. रात्री दहानंतर नळ उघडलाच नव्हता. तोंड धुतलं, किटली भरली, मग बाटली भरली आणि निघाले."

"किटली केवढी?"

"दोन लिटरची असेल."

बाईंनी 'किटली' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"आणि आमचा माणूस कसा भरतो?"

"बाटलीमामा? देवमाणूस हो! कधी सकाळी उठवणार नाही. दहा-साडेदहाला येणार, चपला बाहेर काढणार, चिमणीची चौकशी करणार. काल नाही का आले! तिची खाट रिकामी बघून रडले माझ्यासमोर." ती उठली. "बाई, एक सांगा. मी माझ्या हाताने पोरीला विष दिलंय असं पत्रात लिहिणार आहात का?"

बाईंना 'नाही' म्हणता आलं नाही. पुरावा नव्हता.

३

यंत्राच्या खोलीत दशांश बसला होता. पंधरा वर्षांपूर्वी बाईंनीच त्याला कामाला लावलं होतं. चहात साखर किती विचारलं तरी तीन दशांश स्थळांपर्यंत सांगेल, म्हणून हे नाव.

"पान कुणी फाडलं रे?"

"मला काय माहीत, बाई?" तो चष्मा पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"सोमवारी संध्याकाळी रजिस्टर कुणाकुणाच्या हातात होतं?"

"माझ्या. साहेबांनी निरोप धाडला होता, सकाळी रजिस्टर टेबलावर हवं म्हणून. मी कपाटात ठेवलं. किल्ली खिळ्यालाच असते, तुमच्या वेळेसारखी. मामाही असतात संध्याकाळी."

"बाटली?"

"ती मामांनी धुतली असणार. रोज संध्याकाळी सगळ्या धुतात ते. कुणी सांगितलं नाही, तर ठेवणार कशाला?"

मामाला विचारलं तर तो कपाळावर हात मारून घेत कबूल झाला. धुतली होती. कायमच्या सवयीने. बाटलीचं कोडं तिथेच संपलं.

बाईंनी यंत्राशेजारचा खण ओढला. यंत्रातून निघालेल्या कागदाच्या पट्ट्या तारखेवार लावलेल्या होत्या. सोमवारची पट्टी वरच होती. सातवं घर, चौऱ्याण्णव. शाई अजून काळीभोर.

बाईंनी पट्टी उचलून उजेडात धरली.

"दशांश, ज्याला चौऱ्याण्णव लपवायचं असेल, तो ही पट्टी ठेवील का?"

तो पुन्हा चष्मा पुसू लागला.

"खण उघडा आहे. ही फाडायला फूटपट्टीही लागत नाही. म्हणजे पान फाडणाऱ्याला चौऱ्याण्णव लपवायचंच नव्हतं. त्या पानावर दुसरं काहीतरी होतं." त्या जवळ आल्या. "काय होतं?"

"बाई, चोर सापडला की थांबा. पुढे जाऊ नका," दशांश म्हणाला. "हात जोडतो."

४

उरलेली सहा पानं घेऊन बाई खिडकीशी बसल्या. शिशाच्या रकान्याकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं. शेजारी क्लोरीनचा रकाना होता. जागेवरच पाण्यात तपासणीची गोळी टाकायची, गुलाबी रंग किती गडद येतो ते बघून आकडा लिहायचा.

सहा घरं, सहा वर्षं. सगळीकडे तेच : शून्य पूर्णांक चार, शून्य पूर्णांक पाच.

टाकीतून निघताना असतं तेवढंच.

त्यांनी मामाला बोलावलं. मामा दारातच उभा राहिला. तीस वर्षांच्या नोकरीतही तो बाईंसमोर बसला नव्हता.

"मामा, शिशाचा नमुना कसा घेता, करून दाखवा."

मामा प्रयोगशाळेच्या नळापाशी गेला. हात धुतले. नळाचं तोंड स्वच्छ फडक्याने पुसलं, वातीने शेकलं. नळ पूर्ण सोडला. पाणी वाहत राहिलं. एक मिनिट, दोन, पाच. मामा शांत उभा होता, देवापुढे उभं राहावं तसा. मग बाटली भरली, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली.

"असंच? दर वेळी?"

"असंच. तुम्हीच शिकवलंत, बाई. पाणी वाहू दे, मग भर."

"ते जंतूंसाठी, मामा." बाईंचा आवाज बारीक झाला. "जंतू बघायचे तर वाहतं पाणी. शिसं बघायचं तर रात्रभर नळीत निजलेलं. त्याचं वेगळं कार्ड लावलंय ना भिंतीवर? पहाटे जा, कुणी नळ उघडायच्या आत पहिलं पाणी घ्या."

"वाचलं होतं मी. पण मनाला पटेना. लोकांच्या घरी जायचं आणि त्यांचं शिळं पाणी सरकारात द्यायचं? कुणाच्या घराला नावं ठेवल्यासारखं होतं ते. आणि तेही ऐकत नाहीत हो. मी आलो की स्वतःच नळ सोडतात. म्हणतात, थांबा मामा, जरा चांगलं येऊ द्या." मामा हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलत गेला. "का हो बाई? काही चुकलं का?"

रात्रभर नळीत राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. सहा वर्षांचे ते आकडे ओरडून सांगत होते, की हे पाणी कुठल्याच घरात निजलेलं नाही. ते थेट टाकीतून आलेलं आहे. शिवणवालीच्या घरच्या मंगळवारच्या नमुन्यातही तेच.

पण तिच्या बाटलीतलं शिसं नळीतून आलं की डबीतून, हे अजून कुणीच सिद्ध केलं नव्हतं. हातात एक दिवस होता.

५

गुरुवारी पहाटे बाई गल्लीत उभ्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी सातव्या घरात आणि सहाव्या घरात बजावून ठेवलं होतं, की नळाला कुणी हात लावायचा नाही. सहाव्या घरात एक आजोबा एकटे राहत. "मी हात लावला नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही लवकर आलात ते बरं. या वयात माणूस पाण्याला फार वेळ अडवू शकत नाही."

एका घरी बारा बाटल्या, लिटरच्या. नळ एकदा उघडला तो बंद न करता एकामागून एक भरल्या. मामा बाटल्या पुढे सरकवत होता.

दुपारी बाईंनी साहेबांपुढे दोन कागद ठेवले.

"सातवं घर. पहिली बाटली अकरा. दुसरी चौदा. तिसरी अठ्ठावन्न. चौथी सत्त्याण्णव. पाचवी ऐंशी. मग उतरण. दहावीपासून एकच्या खाली."

"म्हणजे?"

"पहिले दोन लिटर घरातल्या नळीत निजलेले. तिसऱ्यापासून पुढचं पाणी घराबाहेरचं. रस्त्याखालच्या मोठ्या लाइनीपासून घरापर्यंत जी जुनी नळी येते, त्या नळीतलं. ती शिशाची आहे. ती संपली की मोठ्या लाइनीचं पाणी, स्वच्छ. मामा नेमकं तेच भरत होता. आणि सोमवारी शिवणवालीने तोंड धुतलं, किटली भरली, मग बाटली धरली. तिला ठाऊकही नव्हतं, पण तिने नेमकं रस्त्याखालचं पाणी पकडलं."

"डबीतली गोळी..."

"गोळी असती तर चढउतार कशाला येईल? आणि हे सहाव्या घराचं बघा. तिथे म्हातारा एकटा, ना पडदे ना गोळ्या. चौथी बाटली एक्याण्णव. चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो आपण, साहेब."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "बरं, पत्र द्या तसं. पोरगी घरी जाईल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण नळ्या बदलायच्या म्हणजे मंजुरी, निविदा, रस्ता खोदायची परवानगी. चार वर्षं धरा. आणि सहा वर्षं स्वच्छ म्हणून लिहून दिलंय आपणच. उद्या कुणी विचारलं, की हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही, तर काय सांगायचं?"

"ते फाटलेल्या पानाला विचारते," बाई म्हणाल्या.

६

दशांश अजून यंत्रापाशीच होता. बाईंनी दार लोटून घेतलं.

"क्लोरीनचे आकडे मला एका बैठकीत दिसले. तू तर ते सहा वर्षं लिहितोयस. तीन दशांशांच्या माणसाला ते दिसले नसतील, हे मला सांगू नकोस."

दशांश खणातल्या पट्ट्या सारख्या करू लागला.

"तुला दिसलं असेल तर तू लिहिलं असशील. कुठे लिहिशील? पहिल्या फेरीनंतर, शेवटच्या घराच्या पानावर, खाली. म्हणून सहा पानं जागेवर आहेत आणि सातवं नाही. साहेब रजिस्टर बघणार म्हटल्यावर तू ते काढलंस. पट्टी लावून काढलंस, कारण तुला वाकडं काही करताच येत नाही. पण मला एक कळत नाही. लिहिलं होतंस तर ते तुझ्या बाजूचं होतं. तुझी सुटका होती ती. माणूस स्वतःची सुटका फाडतो का?"

दशांश उठला. कपाटातून जुना अहवाल काढला. त्याच्या पुठ्ठ्यात पान होतं, घडी न घालता ठेवलेलं. त्याने ते बाईंच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

पानाच्या तळाशी त्याचं सुबक अक्षर होतं : *सातही घरांत क्लोरीन टाकीइतकंच. नमुने वाहत्या पाण्याचे असावेत. शिशाचे आकडे ग्राह्य धरू नयेत. नमुना घेणाऱ्यास पुन्हा समजावणे आवश्यक.*

त्याखाली दुसऱ्या हातचं, मोठं, घाईचं : *पाहिले.*

आणि सही. दगडावरची रेघ.

बाई खुर्चीवर बसल्या. तो दिवस आठवायचा प्रयत्न त्यांनी केला. आठवला नाही. रोज चाळीस कागद यायचे. चाळीसांवर 'पाहिले' लिहायचं.

"मी दोनदा तोंडीही सांगायला आलो होतो," दशांश भिंतीशीच बोलला. "एकदा तुम्ही मीटिंगमध्ये होता. एकदा म्हणालात, बघू. मग मीही सोडून दिलं. सगळे खूश होते. आकडे छान होते." तो वळला. "ते पान जाळून टाका, बाई. तुमच्या बारा बाटल्या पुरेशा आहेत. तुमचं नाव कशाला? मला सगळं तुम्ही शिकवलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "बघू म्हणायलाही मीच शिकवलं."

अख्खी गल्ली धुंडाळली आणि दोषी कोण, तर चौकशीला बसलेली. काखेत कळसा म्हणतात ते असं. पण त्या कळशात चार वर्षांच्या लेकराचं पाणी होतं, म्हणून हसू येईना.

त्यांनी पत्र लिहिलं. पत्रामागे पान जोडलं. दशांश रडत होता. त्यांनी त्याला थांबवलं नाही.

७

शुक्रवारी दवाखान्याच्या बाकावर शिवणवाली पत्र वाचत होती. आत चिमणीचे कपडे बदलणं चाललं होतं. दोन कागद वाचून झाल्यावर ती तिसऱ्यावर आली, तेव्हा बाई म्हणाल्या, "ती सही माझी आहे."

"तुम्ही पाहिलं होतंत?"

"नाही. पाहिलं असं लिहिलं होतं."

शिवणवालीने त्या सहीवर बोट ठेवलं. शिव्या आल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

"डॉक्टर म्हणायचे, भरपूर पाणी पाजा, पोटातलं निघून जाईल," ती म्हणाली. "मी तासातासाला पाजत होते. नको म्हणायची तर नाक दाबून पाजत होते." मग एकदम वेगळ्याच, व्यवहाराच्या आवाजात तिने विचारलं, "उकळून चालेल?"

"उकळून वाढतं. रोज सकाळी बारा लिटर सोडून द्यायचं. तेही पूर्ण खात्रीचं नाही."

"आणि डोक्याचं? परत येईल?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेलं येईलच असं नाही म्हणाले."

बाईंनी मान हलवली. याहून वेगळं सांगायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं, आणि देवाचं नाव घेऊन धीर द्यायचा हक्क आज त्यांना वाटेना.

चिमणी बाहेर आली. आईने तिला उचललं. जाता जाता शिवणवाली वळली. "पाच नंबरला तान्हं आहे. दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवतात. त्यांना कुणी सांगितलंय का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. पत्र एका घरापुरतं होतं. बाकीच्यांसाठी साहेबांचं म्हणणं असं, की मंजुरी येईपर्यंत लोकांना घाबरवू नये.

बाई दुपारी पाच नंबरचं दार वाजवायला गेल्या. दार उघडलं ते कडेवर बाळ घेतलेल्या हसऱ्या तरुणीने.

"अगं बाई, तुम्ही! या ना, या. फोटोत बघितलंय तुम्हाला. पाण्याच्या ऑफिसातल्या ना?"

"उभ्यानेच सांगते. तुमच्या नळाच्या पाण्यात शिसं आहे. बाळाला ते देऊ नका."

ती हसलीच. "सात नंबरवालीचं ऐकलंत वाटतं? वाईट वाटतं हो पोरीचं. पण घरभर त्या गोळ्या, दुसरं काय होणार? आमचं पाणी चांगलं आहे." तिने कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला एकाखाली एक सहा दाखले चिकटवलेले. त्यातल्या पहिल्या तीन दाखल्यांखाली बाईंची सही. "तुम्हीच लिहून दिलंय की! निर्दोष."

"ते चूक आहे. मी चुकले."

"उन्हातून आलात, दमलात तुम्ही. थांबा, आधी पाणी घ्या." तिने नळ सोडून पेला भरला आणि बाईंच्या हातात दिला. गार, स्वच्छ, तळ दिसणारं पाणी. कडेवरचं बाळ पुढे झुकलं आणि दोन्ही हात पेल्याकडे पसरून ओठांचा चंबू करू लागलं.

"अरे लबाडा! द्या हो त्याला घोटभर."

बाईंनी पेला उंच धरला. मग उंबऱ्याबाहेर ओतला. सगळा.

बाळ रडायला लागलं. त्याच्या आईचं हसू विझत गेलं. "पाणी ओतलंत? माझ्या दारात, माझ्या हातचं?"

"ऐका माझं, मी त्या प्रयोगशाळेची..."

"निघा तुम्ही."

दार आपटलं. आतून बाळाचा आवाज येत होता, मग नळाचा. बाईंनी पुन्हा कडी वाजवली. पुन्हा वाजवली. नळ बंद झाला, रडणंही थांबलं.

सहाव्या घरच्या आजोबांना सांगून झालं होतं; गल्लीत अजून चार दारं होती. चौथ्या नंबरची खिडकी उघडी होती आणि आतून कुणीतरी हे सगळं बघत होतं. बाई पायरी उतरून तिकडे निघाल्या, तशी ती खिडकी लागली.